लाखांच्या छाननीतून एक औषध : हाय थ्रूपुट स्क्रीनिंगची ओळख

संस्थेच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, रुग्णसंख्या व देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला आरोग्यविषयक एक माहितीपर लेख देण्याचा परिपाठ आहे. यंदाचा विषय निवडताना देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्याकडून वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न समोर होता. यंत्रमानव एका दिवसात हजारो रसायने तपासतात असे आपण वर्तमानपत्रांतून वाचतो; मग नवे औषध रुग्णापर्यंत पोहोचण्यास दहा-बारा वर्षे का लागतात, आणि पोहोचते तेव्हा ते इतके महाग का असते? प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. औषधशास्त्रावर अधिकाराने बोलण्याचा त्याचा दावा नाही. परंतु असंख्य नोंदींतून खरी नोंद वेगळी काढणे हा हिशेबनिसाचाही व्यवसाय असल्याने, या विषयाकडे त्या अंगाने पाहता येईल असे वाटले.

फार मोठ्या संख्येने आणि थोड्या वेळात केलेली छाननी, एवढाच ‘हाय थ्रूपुट स्क्रीनिंग’ या संज्ञेचा अर्थ आहे. छाननी कशाची, तर रासायनिक संयुगांची, वनस्पतींच्या अर्कांची किंवा शरीरात बसवावयाच्या पदार्थांची. कल्पना नवी नाही. नवा आहे तो तिचा वेग.

सहाशे सहावे संयुग

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील पाउल एर्लिख यांनी उपदंश या त्या काळी असाध्य असलेल्या रोगावर औषध शोधण्यासाठी सोमलयुक्त संयुगांची एक मालिकाच तयार करविली आणि ती क्रमाने तपासावयास घेतली. ‘६०६’ हा क्रमांक असलेले संयुग प्रथम निरुपयोगी ठरवून बाजूला ठेवण्यात आले होते. १९०९ मध्ये त्यांचे जपानी सहकारी साहाचिरो हाता यांनी रोगाची लागण केलेल्या सशांवर ते पुन्हा तपासले, आणि त्याचा गुण दिसून आला. १९१० मध्ये ते ‘साल्व्हरसान’ या नावाने बाजारात आले. छाननीत खोटे ते खरे वाटते, त्याचप्रमाणे खरे ते खोटेही ठरते, याचे हे पहिले ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

पुढे अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेने मातीतील सूक्ष्मजीवांची पद्धतशीर तपासणी आरंभिली. तीतून १९४३ मध्ये अल्बर्ट शाट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन सापडले. क्षयरोगावर खरोखर लागू पडणारे ते पहिले प्रतिजैविक होय. हीच वाट आपल्याकडेही चोखाळली गेली. पुण्याजवळील पिंपरी येथील हिंदुस्तान अँटिबायॉटिक्सच्या शास्त्रज्ञांनी मातीतून मिळविलेल्या एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध काढले, आणि त्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव कायमचे कोरले गेले. आज मोठ्या औद्योगिक वसाहती उभ्या असलेल्या त्या परिसरातील मातीचा हा मान फारसा कोणाच्या स्मरणात नाही.

तळहाताएवढ्या प्लेटमधील प्रयोगशाळा

या सर्व तपासण्या हाताने, परीक्षानळ्या मांडून होत असत. वेग वाढला तो एका साध्या प्लेटमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हंगेरीत साधनसामग्रीची चणचण होती. अशा स्थितीत ग्युला टाकात्सी या डॉक्टरांनी १९५१ च्या सुमारास पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यात बारा-बारा खळग्यांच्या सहा ओळी कोरल्या आणि परीक्षानळ्यांच्या ऐवजी हे खळगेच वापरावयास घेतले. पुढे आठ ओळी व बारा स्तंभ, म्हणजे ९६ खळगे, हे प्रमाण जगभर रूढ झाले. आपल्यापैकी ज्यांनी रुग्णालयांची रक्ततपासणी प्रयोगशाळा पाहिली असेल, त्यांनी एलायझा चाचणीची प्लेट पाहिली असेलच. एचआयव्ही किंवा कावीळ ‘ब’ यांच्या तपासणीसाठी वापरली जाणारी ती प्लेट आणि औषधसंशोधनातील ही प्लेट एकाच घराण्यातील आहेत.

९६ खळग्यांवरून ३८४ आणि तेथून १५३६ असा प्लेटचा प्रवास झाला. बाहेरचा आकार मात्र तळहाताएवढाच राहिला. १५३६ खळग्यांच्या प्लेटमध्ये एका खळग्यात पाण्याच्या थेंबाच्या दहाव्या हिश्श्याइतकाच द्रव मावतो. इतके सूक्ष्म माप माणसाच्या हाताने ओतणे अशक्य, म्हणून तेथे यंत्रमानव आला. शीतगृहात जपून ठेवलेल्या संयुगांच्या साठ्यातून यांत्रिक हात ठरलेली प्लेट काढतो, पिपेटांची रांग प्रत्येक खळग्यात नेमके माप सोडते, दुसऱ्या यंत्रातून जंतू किंवा पेशी घातल्या जातात, ठरावीक तापमानात प्लेट ठेवली जाते आणि शेवटी प्रकाशमापक यंत्र प्रत्येक खळगा वाचून आकडा नोंदविते. दिवसाला दहा हजार खळगे ही या क्षेत्रातील सामान्य गती असून, अतिजलद व्यवस्थेत ती लाखापर्यंत जाते. मोठ्या औषध कंपन्यांच्या साठ्यात दहा लाखांहून अधिक संयुगे असतात.

यंत्र नेमके काय वाचते? एक सोपे उदाहरण घेऊ. रेझाझुरिन नावाचा निळा रंग जिवंत जंतूंच्या संपर्कात आला की गुलाबी होतो. (दुधाची प्रत तपासण्यासाठी दुग्धव्यवसायातही याच रंगाचा उपयोग करण्यात येत असे.) एखाद्या खळग्यात जंतू सोडले, त्यात संयुग घातले आणि दुसऱ्या दिवशी तो खळगा निळाच राहिला, तर जंतू मेले किंवा त्यांची वाढ थांबली असे समजावयाचे.

प्रत्येक प्लेटवर काही खळगे हिशेब तपासणीसाठी राखून ठेवलेले असतात. काहींत मुद्दाम ठाऊक असलेले औषध घालतात, काहींत काहीच घालत नाहीत. पहिल्या गटात जंतू मेलेच पाहिजेत, दुसऱ्यात वाढलेच पाहिजेत. या दोन गटांच्या आकड्यांमध्ये पुरेसे अंतर आहे काय, आणि प्रत्येक गटातील आकडे आपसांत फार विखुरलेले तर नाहीत ना, यावरून त्या प्लेटची विश्वासार्हता ठरते. १९९९ मध्ये तीन शास्त्रज्ञांनी यासाठी एक गुणांक सुचविला. तो ‘झेड-प्राइम’ या नावाने ओळखला जातो. त्याची कमाल मर्यादा १ असून ०.५ किंवा अधिक असल्यास चाचणी चांगली समजतात. तेरीजपत्रक जुळल्याखेरीज आपण ताळेबंदाकडे वळत नाही, त्यातलाच हा प्रकार होय.

नळ्या, झडपा आणि जंतूंचा थर

ही पद्धत केवळ औषधांपुरती मर्यादित नाही. कृत्रिम सांधे, हृदयाच्या झडपा, लघवीसाठी घातलेले कॅथेटर, शिरेतील नळ्या अशा कितीतरी वस्तू आज रुग्णाच्या शरीरात दिवसेंदिवस किंवा वर्षानुवर्षे राहतात. त्यांच्या पृष्ठभागावर जंतू एकदा चिकटले की त्यांचा चिवट थर तयार होतो, आणि त्या थराआड दडलेल्या जंतूंपर्यंत प्रतिजैविके नीट पोहोचत नाहीत. अतिदक्षता विभागातील परिचारिकांना हा अनुभव सांगावा लागत नाही. कोणत्या पदार्थावर जंतू चिकटतील आणि कोणत्यावर नाही, हे पुस्तकी सिद्धान्तावरून आधी सांगता येत नाही. अशा ठिकाणी शेकडो पदार्थ प्रत्यक्ष करून पाहणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील डॅनिएल अँडरसन, रॉबर्ट लँगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये २५ मूळ द्रव्यांच्या मिश्रणांतून ५७६ प्रकारचे पदार्थ काचेच्या पट्टीवर सूक्ष्म ठिपक्यांच्या रूपात तयार केले. प्रत्येक पदार्थाचे तीन याप्रमाणे १७२८ ठिपके एका पट्टीवर बसले, आणि कोणत्या ठिपक्यावर मानवी मूलपेशी कशा वाढतात हे एकाच वेळी पाहता आले. याच धर्तीवर ब्रिटनमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या गटाने शेकडो बहुवारिकांवर रुग्णालयांत नेहमी आढळणारे तीन जंतू सोडून पाहिले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात असा एक नवा पदार्थवर्ग हाती लागला, की ज्यावर जंतू मुळात चिकटतच नाहीत. चांदीयुक्त प्रचलित लेपाशी तुलना करता चिकटलेल्या जंतूंचे प्रमाण ३० पटींपर्यंत कमी आढळले. यात जंतूंना मारणारे कोणतेही औषध नव्हते. म्हणजे जंतूंनी त्याविरुद्ध प्रतिकार कमावण्याची शक्यताही कमी. खरेदी विभागाच्या दृष्टीने पाहता, कॅथेटरची किंमत आणि संसर्ग झाल्यास वाढणाऱ्या मुक्कामाचा खर्च यांची तुलना करणाऱ्या कोणालाही अशा शोधाचे मोल पटेल.

खोट्या नोंदींचा डोंगर

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वेग एवढा असूनही औषधे झपाट्याने का येत नाहीत, याचे पहिले उत्तर साध्या अंकगणितात आहे. समजा, साठ्यात १ लाख संयुगे आहेत आणि त्यांपैकी ५० खरोखर गुणकारी आहेत. आपली चाचणी इतकी उत्तम आहे असे मानू, की ती पन्नासही अचूक पकडते आणि उरलेल्यांपैकी अवघ्या १ टक्क्याच्या बाबतीत चुकून होकार देते. तरी खोट्या होकारांची संख्या सुमारे १ हजार होईल. म्हणजे पहिल्या फेरीत निवडलेल्या सुमारे १०५० संयुगांत खरी फक्त ५०, म्हणजे एकवीसात एक. एक टक्का चूक ऐकावयास क्षुल्लक वाटते. लाखाच्या व्यवहारात ती खऱ्याला गिळून टाकते.

खोटे होकार येतात कोठून? काही संयुगे स्वतःच प्रकाश देतात आणि प्रकाशमापकाला फसवितात. काही पाण्यात नीट न विरघळता सूक्ष्म गोळे बनवितात आणि समोरच्या प्रथिनाला त्यांत अडकवून निकामी करतात. अशा वेळी थोडे साबणासारखे द्रव्य घालून चाचणी पुन्हा केली की तो ‘गुण’ नाहीसा होतो. काही संयुगे दिसेल त्या प्रथिनाला चिकटतात. अशा सराईत फसव्या रसायनांची एक यादीच ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केली.

या संदर्भात आपल्या घरातील एका वस्तूचा उल्लेख करणे भाग आहे. हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य चाचण्यांमध्ये कर्करोगापासून स्मृतिभ्रंशापर्यंत अनेक रोगांवर होकार देत आले आहे. कर्क्युमिन पिवळे आहे, विशिष्ट प्रकाशात चमकते, अनेक प्रथिनांशी रासायनिक बंध करते आणि शरीरात फार काळ टिकत नाही. त्याच्या औषधी रसायनशास्त्राचा सविस्तर आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर १२० हून अधिक मानवी चाचण्या होऊनही काटेकोर तुलनात्मक पद्धतीने यशस्वी ठरलेली एकही चाचणी लेखकांना आढळली नाही. हळदीचे आपल्या स्वयंपाकातील किंवा परंपरेतील स्थान याने कमी होत नाही. मात्र प्लेटमधील होकारावर विसंबून आजारी माणसाचे चालू उपचार बंद करणाऱ्या नातेवाइकांना आमच्या डॉक्टरांनी ही वस्तुस्थिती सांगणे अगत्याचे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रश्न कोणता विचारला?

दुसरे उत्तर अधिक मूलगामी आहे. जर्मनीतील बायर कंपनीत गेरहार्ट डोमाक यांनी १९३२ मध्ये प्रॉन्टोसिल या लाल रंगद्रव्याचा गुण उंदरांवर पाहिला. संसर्ग झालेले उंदीर वाचले. गंमत अशी की परीक्षानळीतील जंतूंवर हे द्रव्य काहीच परिणाम करीत नव्हते. शरीरात गेल्यावर त्याचे विघटन होऊन सल्फानिलअमाइड तयार होते आणि तेच खरे औषध, हे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९३५ मध्ये दाखविले. डोमाक यांनी केवळ नळीतील जंतूंवर छाननी केली असती तर सल्फा औषधांचा तो पहिला प्रतिनिधी कचऱ्यात गेला असता.

१९९० च्या दशकात जंतूंच्या जनुकांचे नकाशे उपलब्ध होऊ लागले आणि बड्या कंपन्यांनी वेगळा मार्ग धरला. जंतूच्या जीवनास आवश्यक असे एकेक प्रथिन वेगळे काढावयाचे, आणि त्याला अडविणारे संयुग लाखोंतून शोधावयाचे. तर्क निर्दोष वाटतो. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीने १९९५ ते २००१ या काळात अशा ७० मोहिमा राबविल्या. त्यांपैकी ६७ सुट्या प्रथिनांवर आणि अवघ्या ३ संपूर्ण जिवंत जंतूंवर होत्या. हाती काय आले, तर पुढे नेण्याजोगी ५ प्रारंभिक संयुगे. कंपनीच्याच शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये हा ताळेबंद प्रामाणिकपणे प्रसिद्ध केला, याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे; तोट्याचा जमाखर्च जाहीर करण्याची प्रथा या व्यवसायात फारशी नाही. अडचण अशी, की सुट्या प्रथिनाला अडविणारे संयुग जंतूच्या भिंतीतून आत शिरेलच असे नाही, आणि शिरले तरी जंतू त्याला पंपाने बाहेर फेकतो. प्लेटने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर होते. रोग्याच्या शरीराचा प्रश्न निराळा होता.

आर-२०७९१०

याच सुमारास बेल्जियममधील यान्सेन कंपनीत कोएन आंद्रीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयावर औषध शोधताना जुन्या पद्धतीचा आधार घेतला. त्यांनी छाननी केली ती संपूर्ण जिवंत जंतूवर. क्षयाचा जंतू अतिशय संथ, एकाचे दोन होण्यास त्याला साधारण २० तास लागतात, शिवाय तो हाताळणे धोक्याचे. म्हणून त्यांनी मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस हा त्याचा निरुपद्रवी भाऊबंद वापरला. त्याला सुमारे ३ तास पुरतात. या छाननीतून आणि नंतर रेणूत केलेल्या सुधारणांतून आर-२०७९१० हे संयुग मिळाले. एर्लिख यांच्या ६०६ शेजारी हा आकडा ठेवून पाहावा. ते जंतूच्या नेमक्या कोणत्या भागावर घाव घालते हे आरंभी कोणालाच माहीत नव्हते. औषधाला दाद न देणारे जंतू मुद्दाम वाढवून त्यांची जनुके वाचली, तेव्हा कळले की हे संयुग जंतूची ऊर्जा निर्माण करणारी यंत्रणाच बंद पाडते. २००५ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. आज हे औषध बेडाक्विलिन या नावाने ओळखले जाते.

प्लेटमधील काम येथे संपले, रुग्णाच्या वाट्याचे सुरू झाले. बहुऔषधरोधक क्षयाच्या १६० रुग्णांवरील चाचणीत २४ आठवड्यांनंतर थुंकीतून जंतू नाहीसे होण्याचे प्रमाण बेडाक्विलिनच्या गटात ७९ टक्के व दुसऱ्या गटात ५८ टक्के आढळले. त्याच चाचणीत एक चिंतेची बाबही होती. बेडाक्विलिनच्या गटात १० मृत्यू झाले, दुसऱ्या गटात २. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत औषधास मान्यता मिळाली ती ठळक इशाऱ्यासह. हृदयाच्या ठोक्यांवर होणाऱ्या परिणामामुळे वेळोवेळी ईसीजी काढणे आवश्यक ठरले. पुढे अनेक देशांतील हजारो रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्यावर बेडाक्विलिन घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमीच असल्याचे दिसून आले, आणि २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यास अग्रक्रमाच्या औषधांत स्थान दिले. ही शंका फिटण्यास सहा वर्षे लागली, आणि ती कोणत्याही यंत्रमानवाला आधी फेडता आली नसती.

महाराष्ट्राशी या औषधाचा संबंध जवळचा आहे. २०११ च्या अखेरीस मुंबईतील डॉक्टरांनी जवळजवळ कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आणि जगाचे लक्ष या शहराकडे वेधले गेले. २०१६ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमाने बेडाक्विलिन प्रथम निवडक सहा रुग्णालयांत सुरू केले, त्यांत मुंबईचा समावेश होता. तोपर्यंत अशा रुग्णांना दीड ते दोन वर्षे औषधे घ्यावी लागत, त्यांत कित्येक महिने इंजेक्शने असत, आणि त्या इंजेक्शनांनी अनेकांची श्रवणशक्ती कायमची जाई. अशा प्रकारे श्रवणशक्ती गमावलेली मुंबईची एक तरुणी आणि दक्षिण आफ्रिकेतील तिची एक समदुःखी यांनी २०१९ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयात, बेडाक्विलिनच्या क्षारावरील पेटंटद्वारे कंपनीची मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबविणाऱ्या अर्जास हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपले, भारतीय उत्पादकांना वाट मोकळी झाली, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय खरेदीतील औषधाची किंमत निम्म्याहून खाली आली.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचारास मान्यता दिली. यात इंजेक्शन नाही. मात्र बेडाक्विलिनलाही दाद न देणारे जंतू काही रुग्णांत आढळू लागले आहेत, त्यामुळे कोणास हा उपचार द्यावयाचा हे जंतूंची औषधसंवेदनशीलता तपासूनच ठरविले जाते. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात ही तपासणी व औषधे विनामूल्य आहेत. ज्या कुटुंबांना आवश्यकता असेल त्यांनी आपल्या जिल्हा क्षयरोग केंद्राकडे चौकशी करावी, अथवा थुंकी तपासणीच्या अहवालासह रुग्णालयाच्या समाजसेवा कक्षात यावे. पुढील पत्रव्यवहार कक्षामार्फत करून देण्यात येईल.